घरातल्या ज्येष्ठांचे वजन उतरवताना त्यांची ताकद कशी राखावी

आईने सत्तरी गाठली तेव्हा तिचे वजन ७८ किलो होते आणि बेळगावच्या शहापूर भागातल्या आमच्या जुन्या घराच्या चार पायऱ्या उतरताना ती प्रत्येक पायरीवर थांबत असे. गुडघे दुखतात म्हणून चालणे सुटले, चालणे सुटले म्हणून वजन वाढले आणि वजन वाढले म्हणून गुडघे आणखी दुखू लागले. आम्ही भावंडांनी घाईने तिचा भात बंद केला आणि रात्रीचे जेवण एका वाटीभर सुपावर आणले. तीन आठवड्यांत काटा ३ किलो खाली आला, पण चौथ्या आठवड्यात न्हाणीतल्या स्टुलावरून उठताना तिला सुनेचा हात धरावा लागला. तो आमचा दोष होता. उतरलेल्या वजनात चरबी होती तसे स्नायूही होते आणि त्या वयात गेलेला स्नायू सहजासहजी परत येत नाही. पुढे डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारत, चुका दुरुस्त करत जे शिकलो ते आपल्या भागातल्या स्वयंपाकघराला आणि दिनक्रमाला धरून येथे लिहीत आहे.

नुसते खाणे कमी करून वजन उतरवले तर उतरलेल्या वजनापैकी साधारण चौथा हिस्सा स्नायूंचा असू शकतो. तिशीतला माणूस हे नुकसान सोसतो. पासष्टीनंतर मात्र वयोमानानेच स्नायू झिजत असतात, हाडे ठिसूळ होत असतात, आणि अशा वेळी आलेला अशक्तपणा म्हणजे पडण्याला आणि खुब्याचे हाड मोडण्याला दिलेले आमंत्रण असते. म्हणून वजन हळू उतरावे, आठवड्याला पाव ते अर्धा किलोपेक्षा अधिक नाही, आणि त्याच्या जोडीला प्रथिने व पायांच्या ताकदीचा व्यायाम पहिल्या दिवसापासून असावा.

सुरुवात करण्यापूर्वी

प्रथम हे ठरवावे की वजन उतरवण्याची गरज खरोखर आहे काय. तरुणांसाठी केलेले वजन-उंचीचे तक्ते वृद्धांना जसेच्या तसे लावू नयेत. पासष्टीनंतर अंगावर थोडे अधिक वजन असणे तितकेसे अपायकारक ठरत नाही. कमरेचा घेर अधिक बोलका असतो. भारतीय पुरुषांत ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या पुढे घेर गेला की पोटाची चरबी त्रासदायक मानली जाते. त्याबरोबर गुडघेदुखी, मधुमेह, रक्तदाब, धाप लागणे किंवा झोपेत घोरताना श्वास अडकणे यांपैकी काही असेल, तर वजन उतरवल्याचा लाभ दिसतो. गुडघ्याच्या संधिवातात तर १ किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने हलका होतो, हे आईला सांगितले तेव्हा तिने पहिल्यांदा या विषयात रस घेतला.

उलट, कोणी प्रयत्न न करताच सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले असेल, तर आनंद न मानता तातडीने तपासणी करून घ्यावी. तसेच दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले, पावलांवर सूज आली, उताणे झोपल्यावर दम लागू लागला, तर ती चरबी नसून अंगात साठलेले पाणी असते. हृदय किंवा मूत्रपिंडाची तक्रार असू शकते आणि तिला आहाराने उत्तर नाही.

डॉक्टरांकडे जाताना सर्व गोळ्या एका पिशवीत घालून न्याव्यात. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, मानसिक आजारावरील काही औषधे यांनी वजन वाढते आणि थायरॉइड मंदावल्यानेही वाढते. थायरॉइड, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी), हिमोग्लोबिन, ब १२ आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी करून घेतल्यास पुढचा मार्ग स्पष्ट होतो. आपल्या भागात एक वेगळी अडचण आहे. औषधाची चिठ्ठी इंग्रजीत, फलक कानडीत आणि घरातल्या आजीला वाचता येते ते फक्त मराठी, अशी स्थिती अनेक घरांत असते. आम्ही एका कागदावर ठळक मराठी अक्षरांत गोळीचे नाव, रंग, वेळ आणि ती कशासाठी आहे हे लिहून ते देवघराशेजारी चिकटवले. खानापूर किंवा चिक्कोडीकडच्या खेड्यात राहणाऱ्यांनी आशा कार्यकर्तीला विचारावे. रक्तदाब व साखरेची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य होते.

उद्दिष्ट माफक ठेवावे. ७८ किलोच्या माणसाने सहा महिन्यांत ७४ वर येणे, म्हणजे पाच टक्के, इतके पुष्कळ झाले.

बोलावे कसे

ज्या स्त्रीने जन्मभर सगळ्यांना वाढून मग स्वतः ताट घेतले, तिला मुलाने “कमी खा” म्हणणे हा तिला अपमान वाटतो, आणि तो तसा असतोच. वजन हा शब्द आम्ही जवळजवळ टाकूनच दिला. “आई, श्रावणात कपिलेश्वराला रिक्षातून उतरल्यावर कोणाचा हात न धरता गाभाऱ्यापर्यंत जायचं का?” असे विचारले आणि तिने होय म्हटले. प्रत्येकाचे असे काहीतरी असते. कोणाला आषाढीला दिंडीबरोबर गावच्या वेशीपर्यंत तरी चालायचे असते, कोणाला सौंदत्तीच्या यल्लम्माचे दर्शन घ्यायचे असते, कोणाला नातवाला शाळेतून आणायचे असते. ते काय आहे हे विचारून घ्यावे आणि त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवावे.

वडिलांशी किंवा आप्पांशी बोलताना आणखी जपावे लागते. “तुम्ही हे खाऊ नका” ऐवजी “डॉक्टरांनी असं सांगितलंय, तुम्हाला काय जमेल?” असे विचारल्यास निर्णय त्यांच्याकडे राहतो. पाहुण्यांसमोर त्यांच्या ताटाविषयी एक अक्षरही काढू नये.

चहा, तेल आणि उरलेला भात

आहारात बदल करण्यापूर्वी सात दिवस काहीही न बदलता फक्त पाहावे आणि लिहावे. आमच्या वहीत जे दिसले त्याने आम्हीच चकित झालो. आई जेवायची थोडेच, पण दिवसातून सहा वेळा चहा व्हायचा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असायची. एका चमच्यात सुमारे २० कॅलरी धरल्या तर नुसत्या साखरेच्या २४० होतात. चहा बंद करण्याची गरज पडली नाही. सहाचे तीन कप केले आणि साखर दर पंधरवड्याला अर्ध्या चमच्याने घटवत अर्ध्या चमच्यावर आणली. साखरेऐवजी गूळ घातल्याने वजनाच्या बाबतीत फारसे काही साधत नाही. ऊस आणि गूळ पिकवणाऱ्या आपल्या मुलखात हे पटवणे कठीण जाते, पण गुळाच्या आणि साखरेच्या कॅलरी जवळपास सारख्याच आहेत.

दुसरी गोष्ट तेलाची. एका चहाच्या चमच्यात ४५ कॅलरी असतात आणि फोडणी अंदाजाने पडते. तेलाच्या किटलीऐवजी चमचा वापरायला लागल्यावर आमच्या पाच माणसांच्या घरातले महिन्याचे साडेपाच लिटर तेल साडेतीनवर आले. एकट्या आईसाठी वेगळी बेचव भाजी न करता सगळ्या घराने तेच खाल्ले, हे महत्त्वाचे. वेगळा स्वयंपाक म्हणजे वृद्ध माणसाला पंगतीतून उठवल्यासारखे होते.

तिसरी गोष्ट वहीत लिहीपर्यंत कोणाच्याच लक्षात आली नव्हती. रात्री पातेल्यात उरलेला दोन घास भात, नातवंडांच्या ताटातली अर्धी पोळी, तळाशी राहिलेली खीर, हे सगळे अन्न वाया जाऊ नये म्हणून आई ओट्याशी उभ्यानेच खात असे. तिला अन्न टाका असे सांगून उपयोग नव्हता. आम्ही मोजून शिजवू लागलो, उरलेला भात सकाळी फोडणी देऊन सगळ्यांत वाटू लागलो आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे तिला पहिल्या पंगतीत बसवू लागलो.

भाताविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण खानापूर-बेळगावचा माणूस भातावर वाढलेला आहे. भात पूर्ण तोडू नये. तांदूळ आणि ज्वारी यांच्या १०० ग्रॅममधील कॅलरी जवळपास सारख्याच असतात. भाकरीत तंतू अधिक असतात, ती चावावी लागते आणि त्यामुळे पोट लवकर भरल्याची जाणीव होते, इतकाच फरक. पण तो उपयोगाचा आहे. दुपारी एक ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, तिच्याबरोबर भाजी आणि उसळ, आणि शेवटी एक वाटी भात घट्ट वरणाबरोबर किंवा ताकाबरोबर, असा क्रम ठेवला की भाताचा दुसरा वाढा मागावासा वाटत नाही. कवळी सैल असेल किंवा दाढा गेल्या असतील तर भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून द्यावी आणि दंतवैद्याकडे न्यावे. अनेक वृद्ध चावता येत नाही म्हणूनच मऊ भात, बिस्किटे आणि चहा-खारीवर दिवस काढतात.

कुंदा, ही बेळगावची दुधाची मिठाई, घरात येणारच. लग्नाचा असो वा परगावच्या पाहुण्यांसाठी आणलेला असो, त्याला वर्ज्य म्हणून काही होणार नाही. डबा समोर ठेवू नये, एक चमचा जेवणानंतर द्यावा आणि तो आनंदाने खाऊ द्यावा. मांडे, करदंट, दिवाळीचा फराळ यांनाही हेच लागू आहे. खारट पदार्थांकडे अधिक लक्ष हवे. लोणचे, पापड, सांडगे यांत मीठ भरपूर असते, आणि दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एका चमच्यापुरते असावे.

प्रथिने मोजावीत

वृद्धांना दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ७० ते ८४ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा असतो, स्वतः वाढवू नये. आपल्या शाकाहारी घरांत वृद्ध माणसाच्या पोटात याच्या जेमतेम निम्मी प्रथिने जात असावीत असे मला आमच्या वहीवरून वाटते, कारण आमटी पातळ असते आणि डाळ तळाशी राहते.

त्यासाठी महागड्या पावडरी लागत नाहीत. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम, घट्ट वरणाच्या वाटीत ५ ते ७ ग्रॅम प्रथिने असतात. १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८. मटकी, चवळी, हुलगे हे तर आपल्या मातीतलेच. हुलग्याचे माडगे आमच्या आजीच्या काळी पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा होत असे आणि ते परत सुरू केल्यावर आईला पथ्य करतो आहोत असे वाटलेच नाही. गव्हाच्या पिठात दहावा भाग सोयाबीनचे पीठ मिसळले तर पोळीची चव बिघडत नाही. सामिष घरांत दोन जवारी (गावरान) अंडी सकाळी आणि रविवारी मटणाच्या तांबड्या रश्श्यावरची तेलाची तर्री बाजूला काढून चार फोडी मांस, हे वजनाच्या आड येत नाही. रश्श्याबरोबर जाणारा तीन वाढे भात येतो.

प्रथिने तिन्ही वेळच्या खाण्यात विभागावीत. सकाळी नुसते चिरमुरे आणि चहा घेऊन रात्री एकदम डाळ वाढल्याने स्नायूंना तितका लाभ होत नाही. सकाळी अंडे किंवा मूग घातलेले पोळे, दुपारी उसळ आणि दही, रात्री घट्ट वरण आणि झोपण्यापूर्वी साखर न घातलेले दूध, इतके बसवले की प्रथिनांचा आकडा बराच वर जातो.

उपवास आणि गोळ्या

एकादशी, सोमवार, चतुर्थी, नवरात्र धरले तर काही घरांत महिन्याचे सात-आठ दिवस उपवासाचे निघतात. साबुदाण्याची खिचडी, तळलेला बटाटा आणि शेंगदाण्याचा लाडू असा उपवास वजन वाढवतो, आणि निरंकार उपवास मधुमेहाच्या माणसाला धोक्यात घालतो. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना खाणे घटवले तर साखर एकाएकी ७० च्या खाली उतरू शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे होत. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. म्हणूनच आहार बदलण्याच्या आधीच डॉक्टरांना सांगावे की आम्ही हे करणार आहोत, गोळ्यांची मात्रा कधी पाहायची. वजन उतरू लागले की रक्तदाबाच्या गोळीची मात्राही कमी करावी लागू शकते; अंथरुणावरून उठताना चक्कर येऊ लागली तर ते त्याचे चिन्ह समजावे. उपवास सोडायचा नसेल तर बेळगावची रताळी उकडून, दूध, ताक, फळे आणि वरईचा भात असा बेत करावा. आमच्या आईने सोमवार सोडला आणि एकादशी ठेवली. तो तिचा निर्णय होता, तो आम्ही मान्य केला.

घरोघरी येऊन विकली जाणारी वजन उतरवण्याची चूर्णे आणि शेक घेऊ नयेत. अलीकडे निघालेल्या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांविषयीही शेजारीपाजारी ऐकून निर्णय घेऊ नये. त्यांनी भूक इतकी मंदावते की वृद्ध माणसाची प्रथिने तुटतात. तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखेरीज ती नकोत.

खुर्चीपासून सुरुवात

व्यायाम म्हटले की सगळे चालण्याचेच नाव घेतात. चालणे हवेच, पण पायांत ताकद येण्याआधी गुडघेदुखीच्या माणसाला मैदानावर पाठवणे म्हणजे त्याला चौथ्या दिवशी कायमचे घरी बसवणे होय. आम्ही खुर्चीने सुरुवात केली. हात असलेली, चाके नसलेली मजबूत खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. तीवर पुढे सरकून बसावे, पावले खांद्याइतकी अंतरावर जमिनीवर टेकवावीत, हातांचा आधार घेत उभे राहावे आणि सावकाश, तीन आकडे मोजत, खाली बसावे. सावकाश बसणे हाच यातला खरा व्यायाम आहे. धपकन बसू नये. पहिल्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ पाच वेळा पुरे. दर आठवड्याला एक-दोनने वाढवत दहा झाले की हातांचा आधार कमी करत जावा.

याच्या जोडीला ओट्याची कड धरून टाचा उचलणे, भिंतीवर तळवे टेकवून कोपरांत वाकून पुढे येणे आणि मागे जाणे, आणि ओटा धरूनच एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून दहा सेकंद उभे राहणे, इतके करावे. पासष्टीनंतर आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा, तीन दिवस तोल सांभाळण्याचा आणि एकूण १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर्षानुवर्षे निपाणीकडे विड्या वळत मांडी घालून बसलेल्या किंवा वडगाव-खासबागेत मागावर राबलेल्या आपल्या बायकांच्या कमरा आणि गुडघे आधीच जायबंदी असतात. त्यांनी फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून मगच सुरुवात करावी.

चालण्यासाठी टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोसारखी सपाट, झाडांची जागा बेळगावात आहे, पण चपला नकोत, टाच घट्ट धरणारे बूट हवेत. बोलता येईल पण गाता येणार नाही इतकी गती ठेवावी. जेवणानंतर दहा मिनिटे अंगणात फेऱ्या मारल्या तर साखरेलाही उपयोग होतो. जून ते सप्टेंबर मात्र आपल्याकडे पाऊस उसंत देत नाही आणि शेवाळलेल्या अंगणात पाय घसरतो, तेव्हा चालणे सोप्यात आणावे. आम्ही सोप्याच्या दोन टोकांना दोन पाट ठेवले आणि आई अभंग म्हणत फेऱ्या मारू लागली. छातीत दुखले, नेहमीपेक्षा अधिक धाप लागली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबावे.

पाण्याकडेही लक्ष ठेवावे. वृद्धांना तहान कमी लागते आणि रात्री उठावे लागेल या भीतीने अनेक आज्या संध्याकाळपासून पाणी पीतच नाहीत. दिवसभरात पाण्याचा तांब्या भरून समोर ठेवावा, आणि न्हाणीपर्यंतच्या वाटेवर रात्री दिवा व भिंतीला धरायला दांडी लावावी. झोप नीट लागत नसेल तर दुपारची झोप अर्ध्या तासावर आणावी.

मुले पुण्याला किंवा बंगळूरला आणि घरात एकटी आई, अशा घरांत खाणे हीच करमणूक होऊन बसते. तिथे आहाराच्या सूचना फोनवरून देण्यापेक्षा रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी फोन करावा आणि शेजारच्या काकूंना चालण्याची सोबत करायला विनवावे. उदास राहणे, भजनाला जाणे सोडणे, जेवणावरची वासना उडणे असे दिसले तर ते वयाचे म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना सांगावे.

नोंद काय ठेवावी

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच काट्यावर करावे; रोज काटा दाखवू नये. महिन्यातून एकदा कमरेचा घेर मोजावा आणि ३० सेकंदांत हात छातीशी बांधून खुर्चीवरून किती वेळा उठता येते ते मोजावे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या स्त्रीला १० पेक्षा आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा जमत असेल तर पडण्याचा धोका अधिक असतो. वजन उतरते आहे पण हा आकडाही उतरतो आहे असे दिसले, तर त्याच दिवशी खाणे वाढवावे आणि डॉक्टरांना भेटावे. वजन महिनाभर हलले नाही, पण आकडा वाढला, तर काहीही बदलू नये.

आईला ७८ वरून ७१ किलोवर यायला दीड वर्ष लागले. तिथे पोचल्यावर आम्ही दुपारच्या जेवणात अर्धी भाकरी परत वाढवली, कारण त्यापुढे वजन उतरवायचे नव्हते. खुर्ची मात्र सोप्यात त्याच जागी आहे. पहिल्या महिन्यात तिला हाताच्या आधाराशिवाय एकदाही उठता आले नव्हते. गेल्या महिन्याच्या नोंदीत १२ हा आकडा आहे, आणि तो तिने स्वतःच्या हाताने लिहिला आहे.